पडदा आणि पाठभेद

२०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या लॅपटॉपचा पडदा बदलून घेतला. यंत्र दहा वर्षांचे. २०१४ साली थकबाकीची रक्कम हाती आली तेव्हा घेतलेले. इतक्या जुन्या यंत्रावर पैसे घालण्यापेक्षा नवे का घेत नाही, असे घरातल्या तरुण मंडळींनी विचारून पाहिले. पण त्याचा कळफलक माझ्या बोटांच्या अंगवळणी पडला आहे, आणि बाकी सारे अवयव ठणठणीत असताना केवळ डोळा अधू झाला म्हणून माणूस मोडीत काढत नाहीत. (अधू झालेला डोळा यंत्राचा की माझा, हा प्रश्न चष्म्याच्या दुकानातही निघाला होता. तिथल्या तपासनिसाने दोष वाटून दिला.)

जुना पडदा चौदा इंची होता. आडवे १३६६ आणि उभे ७६८ चित्रबिंदू. नवा तेवढ्याच मापाचा, पण १९२० गुणिले १०८०. म्हणजे साडेदहा लाखांहून किंचित कमी ठिपक्यांच्या जागी वीस लाख त्र्याहत्तर हजार. एका इंचात पूर्वी सुमारे ११२ ठिपके मावत, आता १५७ मावतात. परिभाषेत याला विभेदन म्हणतात आणि दुकानात रेझोल्यूशन. मला विभेदन हा शब्द आवडतो. भेद दाखवण्याची शक्ती असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि माझे काम त्या शक्तीवरच चालते: संहिता वाचणे, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणे, अधूनमधून एखाद्या पुस्तकाचे मुद्रितशोधन.

रोमन लिपीला कमी विभेदनाच्या पडद्यावर फारसे सोसावे लागत नाही. तिची अक्षरे एकमेकांशेजारी ओळीत उभी राहतात. कोणाचा पाय खाली येतो, कोणाचे डोके वर जाते, एवढेच. देवनागरी ही मजल्यांची लिपी आहे. मध्ये अक्षर, डोक्यावर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, त्याच्याही आधी जोडाक्षराचा लोंबता भाग. 'विद्यार्थ्यांना' या नित्याच्या शब्दात 'थ्या'च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात. आता हिशेब पाहा. बारा पॉइंटाचे अक्षर नेहमीच्या मांडणीत पडद्यावर येते तेव्हा त्याच्या मूळ चौकटीला सोळा ठिपक्यांची उंची मिळते. शिरोरेषेने एक ठिपका खाल्ला की उरलेल्या पंधरांत तिन्ही मजल्यांनी संसार करायचा. रफार म्हणजे दोन-तीन ठिपक्यांची तिरकी रांग, अनुस्वार म्हणजे एक किंवा फार तर दोन ठिपके. 'घ' आणि 'ध' यांतला फरक काय? 'घ'ची शिरोरेषा सलग असते, 'ध'ची डावीकडे तुटते आणि त्या फटीत एक बारीक वळण असते. 'म' आणि 'भ' यांचेही तसेच. जुन्या पडद्यावर ही फट एका ठिपक्याची होती. कधी तो ठिपका पांढरा असे, कधी करडा. आणि करड्या ठिपक्याला फट म्हणायचे की रेषा, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

या अडचणीवर उपाय निघालाच नाही असे नाही. पडद्यावरचा प्रत्येक चित्रबिंदू तांबड्या, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा बनलेला असतो. त्या पट्ट्या स्वतंत्रपणे कमीअधिक उजळल्या तर आडव्या दिशेने विभेदन जणू तिप्पट होते. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केलेली आणि २००१च्या विंडोज एक्सपीत आलेली क्लीअरटाइप ही युक्ती याच तत्त्वावर उभी होती. युक्ती चतुर खरी. पण तिचा लाभ फक्त आडव्या दिशेला. उभ्या दांड्या आणि काने त्यामुळे रेखीव झाले. मात्रा, रफार, उकार ही जी वरखाली रचलेली गर्दी, तिच्या वाट्याला काही आले नाही. ज्या लिपीची अडचण उभी आहे तिला आडवा उपाय मिळाला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पडद्याच्या पट्ट्या उभ्या होत्या, इतकेच.

तरीही आपण त्या पडद्यांवर मराठी वाचू शकलो, याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत र. कृ. जोशी हे नाव येथे घेतलेच पाहिजे. सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीतले अध्यापक. विंडोज २०००पासून संगणकावर युनिकोड देवनागरी दिसू लागली ती त्यांनी रेखाटलेल्या 'मंगल' या टंकात. मंगलला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात, मीही त्यांतला होतो. सोळा ठिपक्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहिला तेव्हा त्या मोकळ्या, रुंद, काहीशा अनलंकृत अक्षरांबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेतला. जोशी २००८ साली गेले. आजच्या पडद्यांवर त्यांची अक्षरे त्यांच्या वळणांसह दिसतात, हे त्यांनी पाहिले असते तर बरे झाले असते.

अशा पडद्यावर दहा वर्षे वाचले की माणसाला एक सवय लागते. अक्षर ओळखण्याचा नाद तो सोडतो आणि शब्दाच्या एकंदर आकृतीवरून अर्थ घेऊ लागतो. एरवीही मुरलेला वाचक असेच वाचतो म्हणा. पण मुद्रितशोधकाने असे वाचणे म्हणजे पहारेकऱ्याने डुलकी काढण्यासारखे आहे.

पडदा बदलावा असे वाटले त्याचे निमित्त मात्र जुन्या नियतकालिकांचे होते. १८६७ साली सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'चे अंक आता प्रतिमारूपात वाचता येतात, आणि आमच्या अभ्यासमंडळात आम्ही त्यांतले लेख एकत्र वाचतो. त्या काळच्या लेखनात अनुच्चारित अनुस्वार असतात: नांव, कांहीं, त्यानें. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ते काढून टाकले, आणि शाळकरी मुलांचे हाल थांबवल्याबद्दल महामंडळाला आपण दुवा दिला. मात्र त्या टिंबांचे एक काम होते. 'केले' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन आणि 'केलें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन. हा भेद ते एक टिंब सांभाळत असे. जुन्या लेखकाचे लांबलचक वाक्य उलगडताना कोणते विशेषण कोणत्या नामाचे, हे पुष्कळदा त्यावरूनच कळते. आता दीडशे वर्षांच्या पिवळ्या कागदाची प्रतिमा, तीवर वाळलेले डाग, आणि समोर इंचाला ११२ ठिपक्यांचा पडदा. टिंब कोणते आणि धूळ कोणती? प्रतिमा मोठी करून पाहता येते, हे मान्य. पण मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाक्य हातचे निसटते.

तेव्हा मुंबईला गेलो होतो त्या संधीचा फायदा घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पत्त्यात वाचायला मिळते. रिक्त हस्ते परतायचे नसेल तर लॅमिंग्टन रोडच विचारावा.) पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीएवढ्या दुकानात एक तरुण बसला होता. त्याने यंत्राची बॅटरी काढली, पडद्याभोवतीची चौकट प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने उचकटली, बारीक स्क्रू एका बाटलीच्या झाकणात ठेवले, पडदा पालथा केला आणि मागची केबल पाहून म्हणाला, "तीस पिनचीच आहे सर, नशीब चांगलंय. याच केबलवर फुल एचडी चालेल." ज्या यंत्रांत ही जोडणी निराळी असते तिथे केबलसुद्धा बदलावी लागते आणि खर्च वाढतो, असे त्याने सांगितले. एकाच यंत्राच्या दोन आवृत्त्या कंपन्या दोन पडद्यांसह दोन किमतींना विकतात आणि आतली तार बरेचदा तीच असते, ही माहिती मला नवी होती. म्हणजे दहा वर्षांपूर्वी मी काही हजार वाचवले होते ते नेमके डोळ्यांच्या खात्यातून.

वीस मिनिटांत काम झाले. साडेपाच हजार रुपये. "आता पिक्चर बघायला मजा येईल," तो म्हणाला. मी म्हटले, मला मुद्रिते वाचायची आहेत. त्याने सहानुभूतीने मान हलवली. जुना पडदा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. तो अजून माझ्या कपाटात आहे.

पहिला अनुभव निराशेचा होता, हे नमूद करतो. अक्षरे कोरल्यासारखी स्वच्छ, पण मुंगीएवढी. ठिपके लहान झाले, म्हणून सोळा ठिपक्यांचे अक्षरही लहान झाले. उपाय म्हणून सारे दीडपट करून घेतले. सोळांचे चोवीस ठिपके झाले आणि अक्षर पूर्वीच्याच मापावर, किंबहुना जरासे मोठे होऊन आले. गंमत अशी की त्यामुळे पडद्यावर पूर्वीपेक्षा अधिक मजकूर मावत नाही, उलट थोडा कमीच मावतो. युनिकोडपूर्व काळातली माझी जुनी टंकलेखनाची आज्ञावली तर या दीडपटीत ताणली जाऊन धुक्यात गेल्यासारखी दिसू लागली. पैसे देऊन मी काय घेतले, असे कोणी विचारले तर उत्तर एकच: पूर्वी एका अक्षराला सोळा मजूर होते, आता चोवीस आहेत. शिवाय हा पडदा कोठूनही सारखाच दिसतो. जुना किंचित कलला की वरची अर्धी पाने फिकी पडत आणि खालची काळवंडत, त्यामुळे बिजागरी सारखी मागेपुढे करण्याचा चाळा लागला होता, तो सुटला.

नवा पडदा पारखायला आपल्या ओळखीचे काहीतरी उघडावे म्हणून मी सरांच्या पुस्तकाची छपाईला गेलेली प्रत उघडली.

सर म्हणजे माझे एम.ए.चे अध्यापक. २०१४ साली ते गेले. त्यांचे ललितलेख निरनिराळ्या दिवाळी अंकांत विखुरले होते आणि काही तर छापलेच गेले नव्हते. ते सारे एकत्र करून २०१६ साली आम्ही विद्यार्थ्यांनी पुस्तक काढवले. मुद्रितशोधन मी हौसेने मागून घेतले होते. टाइप केलेला मजकूर प्रथम पडद्यावर, या यंत्राच्या जुन्या पडद्यावर, तपासला. मग कागदावरचे शेवटचे मुद्रित पाहिले आणि प्रत्येक पानावर सही केली.

पान ८७, ओळ ११. पावसावरचा लेख. वाक्य असे: 'श्रावणातल्या त्या दुपारी डोंगरावर उतरलेले ते धन कोणाच्याच मालकीचे नव्हते.'

धन. शिरोरेषा डावीकडे तुटलेली, फटीत ते वळण, कोणतीही शंका राहू नये इतके स्वच्छ. मी हे वाक्य निदान दहा वेळा वाचले असेल आणि दहाही वेळा 'घन' वाचले होते. श्रावण, डोंगर, उतरणे. तिथे दुसरे काय असणार? टंकलेखकाने 'घ'चा 'ध' केला आणि माझ्या पडद्याने तो झाकला, असे मी तत्काळ ठरवले. आणि लगेच दुसरी गोष्ट आठवून पोटात गोळा आला. २०१८ साली माझ्याच मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने ललितगद्यातील निसर्गप्रतिमांवर एम.फिल.चा प्रबंध लिहिला होता. त्यात सरांवर एक प्रकरण होते आणि त्या प्रकरणाचा कणा होता हे वाक्य. निसर्गाकडे पाहताना सर मालकीची, ठेवीची, उधळणीची भाषा वापरतात आणि शेवटी मालकीच नाकारतात, असे तिचे प्रतिपादन होते. उद्धृतात तिने 'धन'च लिहिले होते, कारण पुस्तकात 'धन'च होते. तेही मी जुन्या पडद्यावर तपासले. उद्धृत 'घन' असे वाचून, विवेचन धनाविषयी आहे याकडे लक्ष न जाता, की ते रूपकाचे रूपक समजून, कोण जाणे, मी पुढे गेलो. बहिःस्थ परीक्षकांनी नेमक्या त्याच प्रकरणाची वाखाणणी केली होती.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची आहे. प्रकाशकांना द्यायच्या यादीत मी लिहून टाकले: पृ. ८७, ओळ ११, 'धन' ऐवजी 'घन'. मनाशी पडद्याला चार शब्द सुनावले. पण कागदावरच्या मुद्रिताचे काय? कागदावर तर ठिपक्यांची टंचाई नव्हती. माझ्याकडची मुद्रितांची फाइल काढली. पान ८७ सापडले. ओळ ११ वर तांबड्या शाईची खूण आहे, माझीच. मुद्रितात 'ते धन, कोणाच्याच' असे होते. धनानंतरचा स्वल्पविराम मी काढून टाकला आहे. माझ्या लेखणीचे टोक त्या शब्दाला टेकून गेले होते. कपाटातल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पडद्याबद्दल त्यानंतर मी काही बोललेलो नाही.

विद्यार्थिनीला कळवणे भाग होते. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. फोनवर सारे सांगितले, चूक माझी आहे हेही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, पण हस्तलिखितात काय आहे?"

हा प्रश्न विचारायला मीच तिला शिकवले होते, निदान अभ्यासक्रमात तसे लिहिलेले आहे.

"आणि सर, तुम्ही पुढची ओळ बघा ना. 'सांडून जात होते' आहे. घन सांडतात का?"

सांडतातही, मी म्हटले. पण आवाजात जोर नव्हता. फोन ठेवल्यावर वाक्य कागदावर लिहून पाहिले. 'उतरलेले ते घन मालकीचे नव्हते', 'उतरलेले ते धन मालकीचे नव्हते'. एक पुल्लिंगी अनेकवचन, दुसरे नपुंसकलिंगी एकवचन, आणि आजच्या लेखनात दोहोंचे रूप अगदी सारखे. १९६२पूर्वी ते सारखे नव्हते. धन असते तर 'उतरलेलें तें धन', 'मालकीचें नव्हतें'. चार टिंबे, आणि वादच संपला असता. सर १९५३ साली मॅट्रिक झालेले. छापायला देताना ते नवे नियम पाळत, पण कच्च्या खर्ड्यात जुन्या वळणाचे अनुस्वार मधूनच येत, हे मी त्यांच्या हस्ताक्षरात पाहिले आहे.

हस्तलिखितांच्या प्रतिमा माझ्याकडे होत्या. २०१५ साली मीच सरांच्या घरी बसून पाने स्कॅन केली होती. तो लेख उघडला. सर शिरोरेषा देत नसत. शिरोरेषा नसली की 'घ' आणि 'ध' यांत उरते ते फक्त डावीकडच्या टोकाचे वळण, आणि ते सरांच्या घाईच्या हातात कधी असते, कधी नसते. या शब्दात ते असल्यासारखे आहे. टंकलेखकाने जे पाहिले ते त्याने टाइप केले. त्याच्यावर मी मनोमन केलेला आरोप परत घेतला. मग टिंबे शोधली. 'उतरलेले'वर नाही. 'ते'वर नाही. 'मालकीचे'वर नाही. 'नव्हते'च्या वर, किंचित उजवीकडे, एक ठिपका आहे.

मी प्रतिमा मोठी केली. मोठी केली तेव्हा ठिपका मोठा झाला, स्पष्ट झाला नाही. कारण उघड होते. पाने पुष्कळ होती आणि फाइली लहान राहाव्यात म्हणून मी तेव्हा इंचाला १५० ठिपके हे माप निवडले होते, आणि रंगांची गरज नाही म्हणून करड्या छटांत. नव्या पडद्याची ताकद १५७ची. म्हणजे २०१५ साली मी जे जपून ठेवले तेवढे सगळे हा पडदा जवळजवळ तंतोतंत दाखवतो, आणि जे ठेवले नाही ते दाखवायला कोणताही पडदा असमर्थ आहे. सर निळ्या शाईने लिहीत आणि लिहिताना त्यांच्या शेजारी चहाचा कप असे. करड्या प्रतिमेत शाई आणि चहा यांचा रंग एकच.

यादीतली ओळ मी खोडली. प्रकाशकांना जूनपर्यंत थांबायला सांगितले आहे. ते फारसे खूश नाहीत. मग सातारला काकूंना फोन केला आणि मूळ कागद पाहायचे आहेत असे सांगितले. एका शब्दासाठी, हे सांगायला जरा संकोच वाटला, पण सांगितले. काकूंना त्यात वावगे वाटले नाही. सर एका शब्दासाठी जेवणाचे ताट थांबवत असत, म्हणाल्या.

"पेटी माळ्यावर टाकलीय. शिडीवर चढणारं आता घरात कोणी नाही. मे महिन्यात नातू येईल, तेव्हाच या."

कागदांना वाळवी वगैरे लागलेली नाही ना, असे मी विचारले. पेटी पत्र्याची आहे, त्या म्हणाल्या. मी भिंग घेऊन ठेवले आहे.